तूळ राशीतील अमावास्येचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न असा आहे. २०२५ च्या दिवाळीत, २१ ऑक्टोबरला, तूळ राशीत अमावास्या झाली. प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) कर्क, चंद्ररास तूळ आणि जन्मनक्षत्र विशाखा, चरण (नक्षत्राच्या चार भागांपैकी) तिसरे. त्याच आठवड्यात त्या एका सदनिकेसाठी टोकनची रक्कम देणार होत्या. मोबाइलवर त्यांनी वाचले की तुळेतल्या ‘नव्या चंद्रा’च्या दिवशी संकल्प लिहून ठेवावेत आणि नवी सुरुवात करावी, घरातल्या वडीलधाऱ्यांनी मात्र सांगितले की अमावास्या, त्यातून ती आपल्याच राशीत, तेव्हा महिनाभर व्यवहाराचे नाव काढू नये. टोकन राहून गेले. यातले बरोबर कोणाचे, आणि एखाद्या राशीत अमावास्या होण्याला ज्योतिषात खरोखर काय अर्थ आहे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. नुसत्या राशीच्या नावावरून अमावास्येचे फळ सांगणे शास्त्राला धरून नाही, मग ते फळ उत्साह वाढवणारे असो की भीती घालणारे. अमावास्या कोणत्या अंशावर आणि कोणत्या नक्षत्रात झाली, त्या राशीचा स्वामी त्या वेळी कोठे आणि कोणत्या स्थितीत होता, आणि ती रास तुमच्या लग्नापासून (लग्नरास पहिली धरून) कितव्या स्थानी येते, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय ‘तुळेत अमावास्या’ या दोन शब्दांत फारसे काही नसते. तुमच्या पत्रिकेच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी पाहिल्या, तर निष्कर्ष मोबाइलवरील मजकुरापेक्षाही वेगळा येतो आणि घरच्यांच्या सांगण्यापेक्षाही.

प्रथम अमावास्या म्हणजे काय ते नीट पाहू, कारण निम्मा गोंधळ तेथेच आहे. तिथी ही सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंशात्मक अंतरावरून मोजली जाते. दर १२ अंशांना एक तिथी. हे अंतर ३४८ अंशांवर पोहोचले की अमावास्या लागते आणि ३६० अंश पुरे होताच, म्हणजे सूर्य-चंद्रांची युती ज्या क्षणी पूर्ण होते त्या क्षणी, ती संपते. २०२५ ची आश्विन अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि २१ तारखेला सायंकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी संपली. पाश्चात्त्य फलज्योतिषात ज्याला नवा चंद्र म्हणतात तो हा ५ वाजून ५४ मिनिटांचा क्षण, आणि तेथून पुढचा वाढत जाणारा चंद्र हा त्यांच्या दृष्टीने विचाराचा विषय असतो. आपली अमावास्या त्या क्षणाच्या अलीकडे असते. तो क्षण उलटला की शुक्ल प्रतिपदा लागलेली असते.

म्हणून एकीकडे ‘सुरुवात करा’ आणि दुसरीकडे ‘थांबा’ हे दोन सल्ले वरवर परस्परविरोधी दिसले, तरी ते एकाच बिंदूच्या दोन बाजूंविषयी आहेत. महाराष्ट्रात, गोव्यात, गुजरातेत, कर्नाटकात, आंध्र-तेलंगणात महिना अमांत मोजतात; अमावास्येला महिना संपतो. ती पितरांची तिथी आहे, दर्शश्राद्धाची आहे, देणे-घेणे आणि मन दोन्ही आवरून ठेवण्याची आहे. प्रारंभ हा प्रतिपदेचा धर्म. अमावास्येच्या तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंशांच्या आत असतो, म्हणजे अस्तंगत, सूर्याच्या तेजात दिसेनासा, असतो, आणि मुहूर्तशास्त्राचा सगळा भर चंद्रबलावर असल्यामुळे विवाह, गृहप्रवेश यांसाठी ही तिथी वर्ज्य धरतात. हा निषेध त्या तिथीपुरता आहे. अमावास्या होऊन गेल्यावर पुढचा महिनाभर काही करू नये, असे मुहूर्तग्रंथांत कोठेही सांगितलेले नाही. उलट तमिळनाडूत कित्येक घरांत अमावास्या ही ‘भरलेली’ तिथी मानून त्या दिवशी नवे वाहन घेतात, दुकान उघडतात. एकाच देशात एकाच तिथीकडे पाहण्याच्या इतक्या निरनिराळ्या रीती असताना, आपल्या घरची रीत पाळावी, पण तिला शास्त्राचा अंतिम शब्द समजू नये.

आता राशीकडे येऊ. मोबाइलवर वाचलेल्या मजकुरातली तूळ आणि आपल्या पंचांगातली तूळ एकच असेल असे नाही. पाश्चात्त्य ज्योतिषी सायन राशी घेतात, म्हणजे वसंतसंपातापासून मोजतात. आपण निरयन, म्हणजे तारकांच्या आधाराने ठरवलेल्या आरंभबिंदूपासून मोजतो. या दोहोंतल्या फरकाला अयनांश म्हणतात; चित्रा तारा आधाराला धरणाऱ्या चित्रापक्षाने तो आज २४ अंशांहून थोडा अधिक आहे. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी लक्ष्मीपूजनाच्या वेळची अमावास्या निरयन तुळेत होती, तर पाश्चात्त्य हिशेबाने ती वृश्चिकेत होती. २०२५ मध्ये ती सायन तुळेच्या २९ व्या अंशात आणि निरयन तुळेच्या ५ व्या अंशात पडल्यामुळे राशीचे नाव दोन्हीकडे जुळले. नाव जुळले म्हणून फळही जुळते असे मात्र नाही. सायन पद्धतीने पाहिल्यास तुमचे लग्न आणि चंद्र हेही बहुधा पुढच्या राशीत सरकतील, आणि मग तो मजकूर ज्या स्थानाविषयी बोलतो ते स्थानच बदलेल. एका पद्धतीची अमावास्या घेऊन ती दुसऱ्या पद्धतीच्या पत्रिकेवर ठेवणे, ही सर्रास होणारी चूक आहे आणि ती टाळलीच पाहिजे.

हा भेद आपल्या घरातही आहे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दाते पंचांगासारखी चित्रापक्षाची पंचांगे चालतात, पण टिळक पंचांग पाळणारी घरेही आहेत आणि ते पंचांग रैवतपक्षाचे, म्हणजे रेवती तारा आधाराला धरणारे, असल्यामुळे त्याचे अयनांश सुमारे चार अंशांनी कमी आहेत. राशीच्या अगदी शेवटी होणारी अमावास्या त्या गणिताने पुढच्या राशीत जाते. त्यामुळेच टिळक पंचांगाचा अधिक महिना, आणि त्याबरोबर काही सण, कधी कधी वेगळे पडतात.

कारण राशीचा आणि महिन्याचा संबंध थेट आहे. ज्या चांद्रमासात सूर्य मेषेत प्रवेश करतो तो चैत्र, वृषभेत करतो तो वैशाख, असा क्रम असल्यामुळे चैत्री अमावास्या मेषेत, वैशाखातली वृषभेत आणि आश्विनातली तुळेतच होते. एकाच राशीत लागोपाठ दोन अमावास्या आल्या तर मधल्या महिन्यात सूर्यसंक्रांत होत नाही, आणि तो महिना अधिक ठरतो. २०२३ मध्ये कर्केत अशा दोन अमावास्या आल्या म्हणून अधिक श्रावण झाला. २०२६ च्या मे आणि जूनमधील दोन्ही अमावास्या वृषभेत आहेत, एक राशीच्या दुसऱ्या अंशात आणि दुसरी जवळजवळ तिसाव्या अंशाच्या टोकाला, म्हणून त्या वर्षी अधिक ज्येष्ठ. यावरून लक्षात येईल की ‘अमुक राशीत अमावास्या’ ही क्वचित घडणारी गोष्ट नाही. प्रत्येकाच्या राशीत ती वर्षातून एकदा येतेच, आणि अधिक मास असेल तेव्हा कोणाकोणाच्या राशीत दोनदा येते. दरवर्षी येणाऱ्या घटनेला महासंकट म्हणायचे असेल, तर प्रत्येक माणसाचा वर्षातला एक महिना बंदच ठेवावा लागेल.

तरीही बारा राशींतल्या बारा अमावास्या सारख्या नसतात, आणि परंपरेने त्यांचे वेगळेपण सणांतून जपलेले आहे, असे मी मानतो. आषाढी अमावास्या कर्केत, म्हणजे चंद्राच्या स्वगृही. त्या दिवशी आपण घरातले दिवे घासूनपुसून मांडतो आणि पूजतो. श्रावणातली सिंहेत, सूर्याच्या घरी. ती पिठोरी, मुलाबाळांसाठीची, आणि बऱ्याच भागांत पोळ्याची. भाद्रपदातली कन्येत, सर्वपित्री. मार्गशीर्षातली धनूत, लातूर-धाराशिवकडे ती वेळ अमावास्या म्हणून शेतात जाऊन साजरी करतात, आणि त्या दिवशी गावात माणूस शोधावा लागतो. चैत्री अमावास्येला सूर्य उच्च राशीत (जेथे ग्रह सर्वांत बलवान मानतात; तिच्यापासून सातवी ती नीच) असतो, वैशाखातल्या अमावास्येला चंद्र उच्च राशीत असतो, कार्तिकातल्या अमावास्येला चंद्र नीच राशीत असतो. आणि आश्विनातल्या अमावास्येला सूर्य नीच राशीत असतो.

तूळ अमावास्येचे मर्म येथे आहे, म्हणून थोडे थांबतो. सूर्य मेषेच्या १० व्या अंशावर परमोच्च आणि तुळेच्या १० व्या अंशावर परमनीच मानलेला आहे. सूर्य म्हणजे आत्मबल, अधिकार, पिता, राजा. चंद्र म्हणजे मन, माता, प्रजा. तुळेतल्या अमावास्येला मनाचा कारक प्रकाशहीन आणि ज्याच्यापासून तो प्रकाश घेतो तो सूर्य स्वतः नीचीचा, अशी स्थिती असते. वरवर पाहिले तर यापेक्षा दुबळी अमावास्या नाही. पण ही रास शुक्राची, वायुतत्त्वाची, चर स्वभावाची आहे. जातकग्रंथांत तिचे रूप हाती तराजू घेतलेल्या माणसाचे सांगितले आहे. येथे ‘मी’चा जोर उतरतो आणि समोरच्याचे पारडे पाहावे लागते. भागीदारी, करार, खरेदी-विक्री, विवाह, दिलेल्या-घेतलेल्या रकमांचा मेळ, हे तुळेचे विषय आहेत. नेमक्या याच अमावास्येला व्यापारी वर्षाचा हिशेब मिटवतो, वहीपूजन करतो, आणि दुसऱ्या दिवशी, साडेतीन मुहूर्तांतल्या बलिप्रतिपदेला, नवी वही उघडतो. ज्या समाजाने अमावास्या सर्वसाधारणपणे शुभकार्याला वर्ज्य मानली, त्यानेच सूर्य नीचीचा असलेली ही अमावास्या लक्ष्मीच्या पूजेसाठी निवडली. तूळ अमावास्येचा अर्थ एका ओळीत हवा असेल, तर अडलेले हिशेब पुरे करणे, ज्याचे देणे असेल त्याचे ते फेडणे, करारातली अस्पष्ट कलमे समोरासमोर बसून स्पष्ट करून घेणे, आणि मग सही करणे, असा मी सांगेन.

२०२५ मध्ये तर आणखी एक गोष्ट घडली. महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगांनी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला दिले होते, उत्तर भारतात ते २० तारखेला झाले. मुंबई-पुण्याकडे २१ ला सूर्यास्त सहानंतर होता, म्हणजे आपल्याकडे चौरंगावर पूजा मांडून समई लावेपर्यंत सूर्य-चंद्रांची युती होऊन गेलेली होती आणि गणिताने शुक्ल प्रतिपदा लागलेली होती. अमावास्येच्या भीतीने ज्यांनी त्या संध्याकाळी काही टाळले, त्यांनी खरे तर प्रतिपदा टाळली.

आता हीच अमावास्या चार वर्षांत किती वेगवेगळी होती ते पाहा. २०२२ मध्ये ती तुळेच्या ८ व्या अंशात, स्वाती नक्षत्रात, केतूच्या सान्निध्यात झाली. २५ ऑक्टोबरला खंडग्रास सूर्यग्रहण लागले आणि महाराष्ट्रात सूर्य ग्रस्त अवस्थेतच मावळला. लक्ष्मीपूजन आदल्या दिवशी आणि पाडवा नंतरच्या दिवशी, मधला दिवस मोकळा, असे त्या वर्षी झाले ते अनेकांच्या लक्षात असेल. राशीस्वामी शुक्र तेव्हा तुळेतच, स्वगृही होता, पण सूर्याला इतका चिकटून की तो पूर्ण अस्तंगत होता. २०२३ मध्ये अमावास्या विशाखा नक्षत्रात, राशीच्या शेवटच्या अंशांत झाली आणि शुक्र कन्येत नीचीचा होता. २०२४ मध्ये पुन्हा स्वाती नक्षत्र, पण शुक्र वृश्चिकेत. २०२५ मध्ये चित्रा नक्षत्र, शुक्र पुन्हा कन्येत. रास एकच, महिना एकच, सण एकच, तरी घराचा मालक एका वर्षी घरात पण निस्तेज, दुसऱ्या वर्षी बाराव्या स्थानी नीच, तिसऱ्या वर्षी दुसऱ्या स्थानी. ग्रहणासह झालेली अमावास्या आणि साधी अमावास्या यांची तुलना तर होऊच शकत नाही. सूर्य राहू-केतूपासून (चंद्राची कक्षा सूर्यमार्गाला छेदते त्या दोन बिंदूंपासून) साधारण १८ अंशांच्या आत असेल तरच ग्रहण संभवते, आणि अशा अमावास्येचा विचार जाणकार वेगळा करतात. २०२५ च्या तूळ अमावास्येला ग्रहण नव्हते. केतू सिंहेत होता.

२१ ऑक्टोबरची ग्रहस्थिती अशी होती: सूर्य-चंद्र तुळेच्या ५ व्या अंशात, मंगळ आणि बुधही तुळेत पण २६ अंशांच्या आसपास, शुक्र कन्येत, गुरू नुकताच कर्केत आलेला म्हणजे उच्चीचा, शनी मीनेत वक्री. सूर्य नीच आणि राशीस्वामी शुक्रही नीच, एवढेच वाचून पुष्कळांनी त्या महिन्याची भीती घातली. पण नीचभंगाचा, म्हणजे ठरावीक ग्रहस्थितीत नीचपणाचा दोष उतरण्याचा, नियम या दोघांनाही लागू होतो. सूर्याच्या उच्च राशीचा, मेषेचा, स्वामी मंगळ हा चंद्राबरोबर म्हणजे चंद्रापासून केंद्रात (पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या स्थानी) होता. शुक्राच्या नीच राशीचा, कन्येचा, स्वामी बुध हाही तेथेच होता, आणि शुक्राच्या उच्च राशीचा स्वामी गुरू चंद्रापासून दहावा होता. हा नियम मुळात जन्मपत्रिकेसाठी सांगितलेला आहे हे खरे, पण अमावास्येच्या क्षणाची कुंडली मांडून विचार करताना तो वगळण्याचे काही कारण मला दिसत नाही.

हे सगळे तुमच्या पत्रिकेवर ठेवू. कर्क लग्नाला तूळ रास चौथी येते. चतुर्थ स्थान घराचे, जमिनीचे, मातेचे, मनःस्वास्थ्याचे. त्यामुळे अमावास्येने तुमच्या आयुष्यातला घराचा विषय पुढे आणला, हे स्थानाला धरूनच झाले. तेथे लग्नेश (लग्नराशीचा स्वामी) चंद्र क्षीण आणि धनेश (दुसऱ्या, धनस्थानाचा स्वामी) सूर्य नीच, म्हणून मनाची चलबिचल आणि पैशाची जुळवाजुळव कमी पडते आहे अशी भावना, दोन्ही स्वाभाविक. चतुर्थेश शुक्र तृतीयात नीच, त्याच्यावर मीनेतल्या शनीची सातवी दृष्टी. याचा अर्थ मी कागदपत्रांत दिरंगाई, एखादा दाखला उशिरा मिळणे, बोलणी लांबणे असा लावतो. पण दुसरी बाजू तितकीच भक्कम आहे. कर्क लग्नाला मंगळ हा पंचमेश आणि दशमेश म्हणून योगकारक, म्हणजे विशेष शुभ, आणि तो चतुर्थातच होता. भाग्येश, म्हणजे नवम स्थानाचा स्वामी, गुरू लग्नात उच्चीचा होता. शनी तुळेला सहावा होता, आणि गोचरीचा (त्या त्या वेळी आकाशात असलेला) सहावा शनी शुभ मानलेला आहे. शिवाय २ नोव्हेंबरला शुक्र तुळेत आला, म्हणजे चतुर्थेश चतुर्थात स्वगृही आला. अमावास्येचे फळ पुढच्या अमावास्येपर्यंत धरायचे, असा संकेत आहे. पुढची अमावास्या २० नोव्हेंबरला वृश्चिकेत झाली. म्हणजे ज्या महिन्यात व्यवहाराचे नाव काढू नका असे सांगितले गेले, त्या महिन्याचा मोठा भाग तुमच्या घराच्या स्थानासाठी चांगला होता.

‘आपल्याच राशीत’ या भीतीविषयीही सांगितले पाहिजे, कारण ती अंशांकडे न पाहिल्याने येते. विशाखाचे तिसरे चरण तुळेच्या २६ अंश ४० कलांपासून ३० अंशांपर्यंत असते. तुमचा चंद्र तेथे आहे. अमावास्या झाली ५ व्या अंशात. दोहोंत २० अंशांहून अधिक अंतर आहे. माझ्या अभ्यासात अमावास्येचा बिंदू जन्मस्थ ग्रहाच्या किंवा लग्नाच्या तीन-चार अंशांच्या आत आला तरच त्याचा ठळक परिणाम धरावा असे दिसते. रास एक आहे एवढ्याने तो धरू नये. तुमच्या चंद्राच्या जवळ त्या दिवसांत जर कोणी आले असेल, तर ते मंगळ आणि बुध. मंगळ २७ ऑक्टोबरला तूळ सोडून गेला, आणि त्याआधीच्या दोन-चार दिवसांत तो तुमच्या चंद्रावरून गेला. घरात या विषयावरून वादावादी झाली असेल, झोप नीट लागली नसेल, तर त्याचे श्रेय अमावास्येपेक्षा मंगळाला द्यावे. ताराबलही, म्हणजे जन्मनक्षत्रापासून त्या दिवसाचे नक्षत्र नऊ-नऊच्या गटांत मोजून ठरणारे बळही, पाहा. विशाखापासून मोजले तर चित्रा २६ वे नक्षत्र, म्हणजे आठवी, मैत्र तारा. दुसऱ्या दिवशी पाडव्याला स्वाती होते, ते २७ वे, म्हणजे परममैत्र. २२ ऑक्टोबरचा पाडवा तुमच्या जन्मनक्षत्राला टोकन देण्यासाठी चांगला दिवस होता. तो गेला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पण नुसत्या नावावरून भ्यायल्याने काय हातचे जाते, हे कळावे म्हणून सांगितले.

राशीच्या नावाने घातलेली भीती किती दूर जाऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण १९६२ चे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मकरेत सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ ग्रह एकत्र आले. ५ फेब्रुवारीच्या पहाटे तेथेच, श्रवण नक्षत्रात, पौष अमावास्येची युती पूर्ण झाली, आणि तिला खग्रास सूर्यग्रहणाची जोड होती. ते ग्रहण बोर्निओ, न्यू गिनी आणि प्रशांत महासागराच्या पट्ट्यातून दिसले. मकरेतल्या अमावास्येला यापेक्षा भारी योग कल्पिणे कठीण. देशभर अष्टग्रहीची दहशत पसरली, जागोजागी यज्ञ-होम झाले, प्रवास आणि लग्ने पुढे ढकलली गेली, जगबुडी होईल असे सांगणारे पुष्कळ निघाले. ते दिवस आले आणि गेले. काहीही झाले नाही. त्या वर्षी ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले तेव्हा काही जणांनी त्याचा संबंध मागे नेऊन या योगाशी जोडला. साडेआठ महिन्यांनी घडलेल्या गोष्टीला आधीचा योग चिकटवणे ही फलिताची रीत नाही, आणि ज्या ज्योतिषाला आपल्या विद्येविषयी आस्था आहे त्याने हे ठामपणे म्हटले पाहिजे. आठ ग्रहांच्या अमावास्येने जे झाले नाही, ते दरवर्षी येणाऱ्या साध्या अमावास्येने होईल असे सांगून कोणी महागडी शांती करायला लावत असेल, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. गोचरीच्या अमावास्येसाठी शांती सांगितलेली नाही. जी दर्शशांती आहे ती अमावास्येला जन्मलेल्या बालकासाठी आहे, आणि तिचा तुमच्याशी संबंध नाही. घरच्यांच्या समाधानासाठी काही करायचेच असेल तर अमावास्येला पितरांचे स्मरण करून दहीभाताचा नैवेद्य ठेवावा, ऐपतीप्रमाणे अन्नदान करावे. तेवढे पुरे आहे.

संकल्प लिहिण्याला माझी हरकत नाही. फक्त तो अमावास्या संपल्यावर, प्रतिपदेला किंवा चंद्रदर्शन झाल्यावर द्वितीयेला लिहावा, म्हणजे दोन्ही परंपरांचा मान राहतो आणि वाढत्या चंद्राचे बळही मिळते.

राहिला सदनिकेचा व्यवहार. यात क्रम महत्त्वाचा आहे: आधी कागद, मग मुहूर्त. चतुर्थेशावर शनीची दृष्टी असलेल्या काळात बोलणी सुरू झाली आहेत, तेव्हा वकिलाकडून मालकीहक्काचा शोध अहवाल घ्या, प्रकल्पाची महारेरा नोंदणी स्वतः तपासा, टोकनची पावती कोणाच्या नावे आणि व्यवहार फिसकटल्यास रक्कम किती दिवसांत परत, हे लेखी घ्या, आणि साठेखताचा मसुदा वाचल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका. हे सगळे झाल्यावर दिवस निवडताना चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता तिथी आणि अमावास्या वगळावी, भद्रा नावाचा अशुभ मानलेला काळ टाळावा, चंद्र तुळेपासून चौथा, आठवा किंवा बारावा नसावा, आणि विशाखापासून मोजून तिसरी, पाचवी व सातवी तारा सोडावी. शुक्र अस्तंगत नसेल असा काळ घेतला तर उत्तम, कारण तुमच्या पत्रिकेत घराचा स्वामी तोच आहे. एवढ्या अटी पाळूनही महिन्यात पाच-सहा दिवस सहज मिळतात.

दोन गोष्टी तुमच्या प्रश्नात नाहीत: लग्नाचे अंश आणि सध्याची महादशा-अंतर्दशा, म्हणजे जन्मनक्षत्रावरून ठरणारे ग्रहांचे मोठे-छोटे कालखंड. गोचर हे नेहमी दशेच्या अधीन असते. दशा घराला अनुकूल नसेल तर चांगली अमावास्याही व्यवहार पुरा करून देत नाही, आणि दशा अनुकूल असेल तर वाईट म्हटलेली अमावास्या तो अडवत नाही. जन्मवेळेत चार मिनिटांचा फरक पडला तर लग्नात सुमारे एका अंशाचा फरक पडतो, म्हणून वेळ आठवणीतून न सांगता रुग्णालयाच्या नोंदीवरून घ्यावी. ती कळवलीत, तर शुक्र-शनीच्या दशांतले नेमके महिने पाहून खरेदीखतासाठी तारखा सुचवता येतील.